काळ्या दगडाच्या गावातून सोन्याकडे

१९१५ साली सी. बीडन नावाचा इंग्रज खाण-अभियंता रायचूर जिल्ह्यात सोन्याच्या कामासाठी हिंडत होता. मस्की गावाजवळच्या टेकडीत एका मोठ्या शिळेवर त्याला कोरलेली अक्षरं दिसली. ती ब्राह्मी निघाली. निजाम सरकारचं पुरातत्त्व खातं तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. त्याचे प्रमुख होते गुलाम याझदानी, ज्यांचं नाव आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रांवरच्या ग्रंथांमुळे माहीत आहे. लेख प्रसिद्ध केला एच. कृष्णशास्त्री यांनी. तोवर देशभर सापडलेल्या लेखांतला राजा स्वतःला ‘देवानांपिय’, ‘पियदसि’ एवढंच म्हणवून घेत होता. हा राजा अशोकच असला पाहिजे, हे श्रीलंकेतल्या ग्रंथांच्या आधारे ताडलेलं होतं. दगडावर ‘अशोक’ हे नाव पहिल्यांदा वाचायला मिळालं ते मस्कीला. बीडनला त्या टेकडीत सोनं लागलं की नाही, याची आज कुणाला फिकीर नाही.

बीडन फिरत होता तो मुलूख आपल्याला परका नव्हता. मस्की आणि तेव्हाचं औरंगाबाद एकाच राज्यात होती आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात राहिली. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, रायचूर म्हैसूरकडे गेलं आणि आपल्या राज्यातली सोन्याची खाण आपल्या नकाशातून बाहेर पडली. तेलंगणातला कोळसा, रायचूरचं सोनं आणि मराठवाड्याचा कापूस हे सगळं एका खजिन्यात जमा होत होतं, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांतून पार पुसली गेली आहे. छत्रपती संभाजीनगरात बसून सोनं शोधण्याच्या छंदावर पुस्तक कुणी का लिहावं, असं विचारणाऱ्यांना माझं पहिलं उत्तर हे आहे.

दुसरं उत्तर जरा निराशेचं. दगडगोट्यांचा नाद असलेल्या माणसाकडे लोक रुमालात बांधून काहीबाही घेऊन येतात. विहिरीच्या कामात निघालेला, सोनेरी झाक असलेला खडा हातावर ठेवतात आणि चेहऱ्याकडे पाहत उभे राहतात. तो खडा बहुधा लोहाचा गंज चढलेला स्फटिक असतो. आपल्या जिल्ह्यात सोनं नाही. पैठणच्या वाळूत नाही, वेरूळच्या डोंगरात नाही, सिल्लोडच्या घाटात नाही आणि देवगिरीच्या खंदकातही नाही. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने तिथून नेलं ते सोनं बाहेरून आलेलं होतं. या डोंगरातून निघालेलं नव्हतं.

अगदी काटेकोर बोलायचं तर ‘नाही’ हा शब्दही बरोबर नाही. कुठल्याही बेसॉल्टमध्ये सोनं असतंच. टनामागे काही मिलिग्रॅम. ३ मिलिग्रॅम धरू. आठ मीटर व्यासाची, पंधरा मीटर खोल विहीर खणली तर साधारण साडेसातशे घनमीटर, म्हणजे एकवीसशे टन दगड बाहेर पडतो. त्यात सोनं भरतं सहा ग्रॅमच्या आसपास. अर्धा तोळा. मराठवाड्यातल्या प्रत्येक विहिरीच्या काठावर जो मुरूम-दगडाचा ढीग पडलेला असतो, त्यात हा अर्धा तोळा विखुरलेला आहे, आणि तो काढायला विहिरीच्या दहापट खर्च केला तरी हाती काही लागायचं नाही. सोनं असणं आणि सोनं मिळणं यांतलं अंतर ज्याला या हिशेबात दिसलं, त्याची खाणींशी अर्धी ओळख झाली.

मग ते रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीत का मिळतं? आपला दगड काळा, लाव्हाचा, म्हणून सोनं नाही, असं उत्तर सर्रास दिलं जातं. ते चूक आहे. हट्टीची खाणही लाव्हाच्याच दगडात आहे. फरक वयाचा आणि सोसलेल्या हालांचा. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर असा निवांत पसरला आणि तसाच आडवा पडून राहिला. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली अखंड कोरता आलं, त्यात या निवांतपणाचा वाटा मोठा. हट्टीचा लाव्हा अडीचशे कोटी वर्षांहून जुना. तो जमिनीत खोल गेला, दाबला गेला, घड्या पडून उभा राहिला, चिरफाळला. त्या चिरांतून खोलवरचं तप्त, गंधकयुक्त पाणी वर चढलं. वाटेतल्या अफाट दगडातलं कणकण सोनं त्याने विरघळवून उचललं आणि दाब-तापमान बदललं तिथे गारेच्या शिरांमध्ये सोडून दिलं. विहिरीच्या ढिगाऱ्यात विखुरलेला अर्धा तोळा निसर्गाने तिथे कोट्यवधी ढिगाऱ्यांतून गोळा करून एका पट्ट्यात आणून ठेवला. आपल्या दगडाला ही संधी अजून मिळालेली नाही. आणखी दोनशे कोटी वर्षांनी संभाजीनगरकरांनी चौकशी करायला हरकत नाही.

हट्टी इथून सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर. लिंगसुगूर तालुक्यातलं, उन्हाने तापलेलं, खुरट्या झुडपांचं गाव. इंग्रजांच्या कंपन्या तिथे पोहोचल्या तेव्हा त्यांना आढळलं की आपल्या आधी कुणीतरी येऊन गेलं आहे. जुन्या खणतींचे खड्डे शिरेच्या बरोबर वरून गेलेले होते आणि त्यांतले काही जवळजवळ दोनशे मीटर खोल होते. आतल्या लाकडाच्या कार्बन-तपासणीतून काळ निघाला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे इकडे पैठणला सातवाहन नांदत होते तेव्हाचा. सुरुंगाची दारू नाही, पंप नाही. दगडाशी लाकडं रचून जाळायची, दगड लालबुंद झाला की त्यावर पाणी ओतायचं, तडे गेलेला भाग छिन्नीने उकलायचा आणि टोपल्यांनी वर चढवायचा. वर खडकांमध्ये उखळासारख्या खळग्यांत तो कुटायचा, दळायचा, धुवायचा. असे खळगे तिथल्या खडकांवर पाहायला मिळतात. दोनशे मीटर खाली जळत्या लाकडाच्या धुरात कोण माणसं उतरत असतील, याची नोंद कुठल्याही ताम्रपटात नाही.

अर्वाचीन काळातली गोष्ट त्या मानाने क्षुद्र आहे, पण चटकदार. १८८६ साली निजाम सरकारने आपल्या राज्यातल्या खनिजांची सवलत लंडनच्या भांडवलदारांना दिली. त्यातून ‘हैदराबाद डेक्कन’ कंपनी उभी राहिली. शेअरच्या व्यवहारात इतका घोटाळा झाला की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली, आणि सवलत मिळवून देण्यात पुढाकार घेणारे निजामाचे अधिकारी अब्दुल हक यांना पद गमवावं लागलं. सोन्यापेक्षा सोन्याच्या बातमीत जास्त पैसा असतो, हे लंडनने त्याआधी वायनाडच्या बाबतीतही अनुभवलं होतं. १८८० च्या आसपास तिथल्या सोन्याच्या नावावर कंपन्यांचं पेव फुटलं, डोंगरात यंत्रं चढवली गेली आणि थोड्याच वर्षांत जंगलात गंजत पडली. हट्टी त्यातल्या त्यात सुदैवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची दोन दशकं ती चालली आणि १९२० च्या सुमारास बंद पडली. पुढे निजाम सरकारनेच ती नव्याने तपासून घेतली आणि १९४७ मध्ये ‘हैदराबाद गोल्ड माइन्स’ कंपनी स्थापन झाली. राज्यं बदलली तेव्हा, १९५६ मध्ये, तिचं नाव ‘हट्टी गोल्ड माइन्स’ झालं. कर्नाटक सरकारच्या मालकीची ही खाण आजही वर्षाला साधारण दीड टन सोनं काढते. कोलार २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्यापासून देशातली सोन्याची मुख्य खाण तीच.

‘उच्च प्रतीची खाण’ हा शब्दप्रयोग आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्याचा अर्थ सराफी मापात सांगतो, म्हणजे डोक्यात बसेल. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. टनामागे साडेतीन ग्रॅम सोनं म्हणजे अवघ्या एकोणतीस गुंजा. हजार किलो दगड, आणि त्यात लाल-काळ्या गुंजेच्या एकोणतीस दाण्यांएवढं वजन. हट्टीचा अलीकडचा दगड साधारण या तोडीचा किंवा त्याहूनही हलका. जमिनीखालच्या खाणीत टनाला आठ-दहा ग्रॅम निघालं की जाणकार तिला उच्च प्रतीची म्हणतात. कोलारला पहिल्या काळात टनाला चाळीस ग्रॅमहून अधिक मिळत असे. म्हणून तर जॉन टेलर कंपनीने १८८० पासून खाली खाली जात तीन किलोमीटरच्या पुढची खोली गाठली. शेवटी प्रत चार ग्रॅमच्या खाली आली आणि एवढ्या खोलीवरून ती परवडेना. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात फॉस्टरव्हिल नावाची खाण आहे. जुनी, साधारण कुवतीची म्हणून ती चालत होती आणि गेल्या दशकात खोलवर तिला असा पट्टा लागला की टनाला चाळीस-पन्नास ग्रॅमची भाषा पुन्हा ऐकू आली. असं शतकात क्वचित होतं.

यापुढचा प्रश्न या पुस्तकाचा खरा विषय आहे. एवढी श्रीमंत खाण जिथे आहे, तिथे आजूबाजूच्या ओढ्यानाल्यांत छंद म्हणून सोनं शोधणाऱ्याला काही मिळतं का?

फॉस्टरव्हिलच्या आसपास मिळतं. बेंडिगो आणि बॅलरॅट या परिसरात १८५१ नंतर जगभरातून माणसं लोटली होती. १८६९ मध्ये मोलियागुल इथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना झाडाच्या मुळाशी, जमिनीच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटीमीटरवर जो गोळा मिळाला, त्यातलं शुद्ध सोनं सत्तर किलोंच्या वर होतं. तराजूत मावेना म्हणून तो ऐरणीवर तोडावा लागला. आजही त्या राज्यात कुणीही थोडे डॉलर भरून ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना काढू शकतो आणि धातुशोधक यंत्र खांद्याला लावून सरकारी जमिनीवर हिंडू शकतो. सापडेल ते सोनं त्याचं. मेलबर्नला मुलाकडे गेलेले आपले आजी-आजोबा बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिलला जातात, ओढ्यात ताटली हलवतात आणि इवल्याशा काचेच्या कुपीत दोन कण घेऊन परत येतात. तो ओढा पर्यटकांसाठी सोनं टाकून तयार ठेवलेला असतो, हे त्यांना कुणी सांगू नये.

हट्टीच्या आसपास मात्र नाही, आणि कारणं दोन. पहिलं निसर्गाचं. तिथलं सोनं बारीक, गारेत आणि गंधकाच्या खनिजांत गुंतलेलं. ते सुटं होऊन नदीत साचायला भरपूर पाऊस, वाहती नदी आणि लांबलचक काळ लागतो. त्या कोरड्या मुलखात ओढे वर्षातले काही आठवडे वाहतात. खाण उच्च प्रतीची असली म्हणजे शेजारचा नाला भरलेला असतो, हा समज छंदी शोधकाला सगळ्यात महागात पडतो. जमिनीखालची शीर आणि नाल्यातली रेती यांचं गणित वेगळं. पुष्कळदा अगदी सामान्य, खाण काढायला न परवडणाऱ्या डोंगरातून हजारो वर्षं झिजून आलेलं सोनं नदीत चांगलं साचतं. बालाघाट, मंडला, संबलपूर या भागांतले सोनझरी लोक पिढ्यानपिढ्या नदीची रेती धुऊन कण काढत आले, तिथे कुठेही हट्टीसारखी खाण नाही.

दुसरं कारण कायद्याचं. १९५७ चा खाण आणि खनिज कायदा परवान्याशिवाय खनिजाचा शोध घ्यायलाच मनाई करतो. खणणं तर पुढची गोष्ट. व्हिक्टोरियासारखा हौशी माणसाचा परवाना आपल्याकडे नाही. २०२३ च्या दुरुस्तीने खोलवरच्या खनिजांसाठी, त्यात सोनंही आलं, शोधाचा नवा परवाना आणला आहे. पण तो लिलावातून, कंपन्यांसाठी. एक परात आणि एक रविवार एवढंच भांडवल असलेल्या माणसाचा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात आलेला दिसत नाही. मला हे खटकतं. ज्या देशात स्त्रियांच्या अंगावर जगातलं एवढं सोनं आहे, तिथे शाळकरी मुलाला नदीकाठी सोन्याचा एक कण स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येऊ नये, हे काही बरं नव्हे. पण कायदा आहे तसा आहे, आणि या पुस्तकात तो मोडायची एकही युक्ती सांगितलेली नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यात साकोली समूहाच्या जुन्या खडकांत परसोडी, किटाडी, मरुपार या ठिकाणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोनं नोंदलं आहे. आपल्या राज्यातलं तेच खरं सोनं. तिथे जावं, दगड पाहावा, भूकोश या सरकारी संकेतस्थळावरचा भूशास्त्रीय नकाशा मोबाइलवर उघडून आपण कुठल्या खडकावर उभे आहोत ते ओळखावं. हातोडी गाडीत ठेवावी.

हौशी शोधाचं आपल्या देशातलं सर्वांत जिवंत दृश्य पाहायचं असेल तर जून-जुलैत कर्नूल जिल्ह्यात जावं. तुग्गली, मद्दिकेरा, जोन्नागिरी या भागात पहिला पाऊस झाला की माणसं शेतांत उतरतात. ती सोन्यासाठी येत नाहीत, हिऱ्यांसाठी येतात. आंध्र, तेलंगण, कर्नाटकातून आलेले मजूर, रिक्षावाले, सुट्टी काढून आलेले नोकरदार, पोराबाळांसकट कुटुंबं. देवळात, झाडाखाली मुक्काम. खाली वाकून, लाल मातीवर नजर ठेवून, पाऊल पाऊल सरकत दिवसभर चालायचं. पावसाने माती धुतली की खडा चमकतो, एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते चुकीचं नाही. खडा मिळाला की व्यापारी जवळच असतात. भाव गुपचूप ठरतो, आणि तो विकणाऱ्याच्या गरजेवर ठरतो. त्याच जोन्नागिरीला आता खासगी कंपनीची सोन्याची खाण उभी राहिली आहे, आणि तिथून जवळच एर्रागुडीला अशोकाचे शिलालेख आहेत. अशोकाचा दक्षिणेतला अधिकारी जिथे बसायचा त्या सुवर्णगिरीची जागा काही अभ्यासक जोन्नागिरीला मानतात, काही मस्कीजवळच्या कनकगिरीला. सोन्याचे पट्टे आणि मौर्यांचे लेख इतके शेजारी शेजारी असणं हा योगायोग नसावा, हे मत मला पटतं.

आपल्या मुलखात सोनं शोधणं म्हटलं की जे पहिल्यांदा आठवतं, त्याविषयी इथे स्पष्ट बोललं पाहिजे. ते म्हणजे गुप्तधन. पडक्या गढीत, जुन्या वाड्याच्या देवघराखाली, बारवेच्या पायरीला हंडा पुरलेला आहे; पायाळू माणसाच्या डोळ्यांत काजळ घातलं की तो त्याला दिसतो; नागोबा राखण करतो; त्याला अमुक हवं, तमुक हवं. हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. गोष्ट म्हणून ते रंजक आहे. पण त्या ‘अमुक-तमुक’पायी कोंबडी-बकऱ्यापासून पोटच्या पोरापर्यंत मजल गेलेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाखाली केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खडक वाचून सोनं शोधणारा आणि लिंबू कापून हंडा शोधणारा यांना लोक एकाच माळेत ओवतात, त्यामुळे खेड्यात दगड बघत हिंडणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं. माझा सल्ला असा की कुठल्याही शिवारात शिरण्याआधी शेताच्या मालकाला आणि पोलीस पाटलांना भेटावं, भिंग दाखवावं, चहा प्यावा. आणि रात्री कधीही जाऊ नये.

खरोखरीचा हंडा सापडलाच, तर १८७८ चा निखात-निधीचा कायदा लागू होतो. दहा रुपयांवरचं काहीही मौल्यवान जमिनीत पुरलेलं मिळालं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. पैठणच्या पांढरीवर पावसानंतर वर आलेले मणी, नाणी, मृण्मूर्तींचे तुकडे खिशात घालण्याची सवय पुष्कळांना आहे. ती सोडावी. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठणचे बाळासाहेब पाटील हेही हौशी वेचणारेच होते. पण त्यांनी वेचलं ते कुठे मिळालं याचं भान ठेवलं, सांभाळलं, आणि आज ते त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयांत आपल्याला पाहायला मिळतं. लाल समुद्राच्या व्यापाराचं वर्णन करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलं आहे की पैठणहून अकीक जातीचे दगड भरपूर प्रमाणात, वाट नसलेल्या मुलखातून, गाड्यांवर लादून भडोचला जात. भोकरदनला १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या उत्खननातही मण्यांच्या कारागिरीचा पुरावा मिळाला. सोनं न देणाऱ्या आपल्या काळ्या दगडाने रोमच्या बाजारातून सोन्याची नाणी देशात आणली ती या दगडांच्या आणि कापडाच्या बदल्यात. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या पुढे पाण्याने भरल्या आणि त्यांत अकीक, जांभळा स्फटिक, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट वाढलं. अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते तुमच्यापुढे दोन अर्ध्या वाट्या उघडून धरतात, त्या याच. परदेशी संग्राहक या खनिजांसाठी विमानाने येतात. आपण ती सुरुंगात उडवून खडी करतो. सोन्याच्या नादाने दगड पाहायला लागलेला माणूस इथे रमला तर मला आनंदच आहे, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यावरच खर्ची पडला आहे.

पण शहरात सोनं धुणारी माणसं आहेतच. सराफ्यात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या सराफ्यात पहाटे, दुकानांची शटर वर जायच्या आत, झारेकरी भेटतात. हातात कुंचा आणि लोखंडी पत्र्याचा तुकडा. फरशीच्या फटी खरवडायच्या, उंबऱ्याखालची धूळ ओढायची, मोरीच्या तोंडाचा गाळ घमेल्यात भरायचा. सोनार स्वतः कानशीखालचा केर कधी फेकत नाही. तो साठवतो, जाळतो आणि झारेकऱ्याला ठोकात विकतो. पण कारागिराच्या तळपायाला, कपड्यांना, हात धुतल्या पाण्याला लागून जे निसटतं, ते रस्त्यावर येतं. तो गाळ झारेकरी परातीत घेऊन पाण्यात गोल गोल हलवतो. आधी चिखल जातो, मग वाळू, मग तळाशी काळसर रेघ उरते. चुंबकाने तिच्यातलं लोखंड उचललं जातं. उरलेल्यात पारा घालून अंगठ्याने चोळायचं. पारा सोनं-चांदी पोटात घेतो. फडक्यात धरून पिळलं की जास्तीचा पारा टपटप गळतो आणि मऊ, राखाडी गोळी हातात राहते. ती तापवली की पारा उडतो. मग तेजाबात चांदी विरघळवायची, बाकीचं मुशीत घालायचं, आणि बाहेर पडतो एक मणी. स्मशानातली राखही हीच माणसं धुतात, कारण मृताच्या तोंडात सोन्याचा कण ठेवण्याची आपली रीत आहे. पाऱ्याच्या वाफेने हात थरथरू लागतात, दात हलतात. त्यावर कुठल्या कंपनीचा विमा नाही.

आता हिशेब करा. वीस किलोच्या घमेल्यात एक गुंज सोनं निघालं, तर त्या गाळाची प्रत झाली टनाला सहा ग्रॅम. हट्टीच्या आजच्या दगडापेक्षा वरचढ. या शहरातली सोन्याची उच्च प्रतीची खाण सिटी चौकाच्या बाजूला, उघड्या गटारात आहे, आणि ती कोण चालवतं ते आपण पाहिलं. छंद म्हणून तिथे कुणी जाऊ नये. तो त्यांचा पोटाचा धंदा आहे. पण परात हलवायची कशी, हे शिकायचं तर त्यांच्याकडून. मी जे काही शिकलो ते त्यांच्याच ओट्यावर बसून शिकलो. त्यांनी विद्या देताना हात आखडता घेतला नाही, फक्त पाऱ्याच्या बाटलीला हात लावू दिला नाही.

वाचकांना पहिल्या प्रकरणाआधी घरी करून पाहण्याजोगी एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं वाचताना हाताला संदर्भ राहील. बांधकामाला आणलेल्या नदीच्या वाळूतली परातभर वाळू घ्या. जाळ्याला लावायचं शिशाचं वजन चिरून त्याचे तांदळाच्या कणीएवढे दहा तुकडे करा, मोजून वाळूत मिसळा आणि मोठ्या टबातल्या पाण्यात परात बुडवून धुवायला लागा. शिसं पाण्याच्या अकरापट जड, सोनं एकोणीसपट. शिसं टिकवता आलं तर सोनं निसटणार नाही. तळाला काळी रेती राहील, ती आपल्याच लाव्हातलं मॅग्नेटाइट. ती शेवटपर्यंत जाऊ द्यायची नाही, कारण जड कण तिच्यातच दडतात. दहापैकी दहा तुकडे परत मिळू लागले की तुकडे आणखी बारीक करा. शिशाला हात लागल्यावर साबणाने धुवा आणि ती परात पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. परात लोखंडी, उथळ आणि जुनी घ्यावी. स्टीलच्या चकाकीत कण दिसत नाही. वापरण्याआधी ती चुलीवर लाल होईपर्यंत तापवून काळी करून घ्यावी, कारण तेलाचा अंश राहिला तर बारीक सोनं बुडत नाही, पाण्यावर तरंगत काठावरून निघून जातं. चुंबक लावायचं ते रेती कागदावर काढून वाळवल्यावर, परातीत कधीच नाही.